शंभर किलोंची रेघ

नव्वदच्या दशकात शाळेच्या मधल्या सुट्टीत ज्यांनी डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते खेळले असतील, त्यांना एक गोष्ट नक्की आठवत असेल. हातात योकोझुना आला की बेधडक 'वजन' म्हणायचं. समोरच्याचा पत्ता आपल्या खिशात. उंची, छाती, दंड, वजन, काहीही असो, मोठा आकडा जिंकणार एवढाच नियम. (त्या योकोझुनाला आम्ही बरीच वर्षं जपानी समजत होतो. तो निघाला सामोअन वंशाचा अमेरिकन.)

खऱ्या जपानी कुस्तीत मात्र या नियमाची पंचाईत होते. तिथे एक अख्खा विभाग असा आहे, जिथे शंभर किलोंच्या आत असणं हीच पात्रता. त्याचं नाव ज्युनियर हेवीवेट. आमच्या खेळात हे सगळे पत्ते पहिल्याच फेरीत गेले असते. पण आज कुठल्याही देशातली व्यावसायिक कुस्ती टीव्हीवर लावली आणि कुणी दोरावर उडी मारून गिरकी घेताना दिसलं, तर ती उडी बहुतेक वेळा याच हलक्या पत्त्यांकडून, नाहीतर त्यांच्या मेक्सिकन भावंडांकडून आलेली असते.

या विभागाची हल्ली अवस्था काय आहे, तो खरंच उतरणीला लागलाय का, असं मला अधूनमधून विचारलं जातं. त्याचं उत्तर द्यायचं तर आधी हा विभाग नेमका कशासाठी आहे ते बघावं लागतं. आणि ते वाटतं तितकं सरळ नाही.

निकाल ठरलेला, मग वजनगट कशाला?

एक गोष्ट आधीच मोकळेपणाने सांगतो. जपानी लोक जिला 'पुरोरेसु' म्हणतात, त्या कुस्तीचा निकाल आधी ठरलेला असतो. आपल्याकडे ठरवून केलेल्या कुस्तीला नुरा कुस्ती म्हणतात, आणि तो शब्द आपण शिवीसारखा वापरतो, कारण तिथे तिकीट काढून आलेल्याची फसवणूक झालेली असते. पुरोरेसुत फसवणुकीचा प्रश्न येत नाही. प्रेक्षकाला ठाऊक असतं आणि तरी तो ओरडतो, जसं तमाशातला राजा खरा नाही हे माहीत असूनही आपण वगात रमतो. फरक एवढाच, की इथे राजा खरोखर अडीच मीटरवरून पाठीवर पडतो.

आता बघा. महाराष्ट्र केसरीला 86 ते 125 किलोंचा गट असतो, त्याखाली वेगळे गट असतात. कारण उघड आहे: सत्तर किलोंच्या पोराला सव्वाशे किलोंच्या पैलवानासमोर उभं करणं अन्याय होईल. पण निकाल ठरलेला असेल, तर अन्याय कुणावर होणार? मग वजनगट कशाला हवा?

याची उत्तरं दोन आहेत, आणि सगळी गंमत त्या दोघांच्या भांडणात आहे.

पहिलं उत्तर असं, की ज्युनियर हा वजनाचा गट असण्यापेक्षा एक घराणं आहे. गाण्यात ग्वाल्हेर म्हटलं, किराणा म्हटलं की काय कानावर पडणार याचा अंदाज येतो, तसं 'आता ज्युनियरची लढत' म्हटलं की प्रेक्षक वेगळ्या तयारीने बसतो. वेग जास्त, उड्या जास्त, डावांची साखळी लांब, शेवटच्या पाच मिनिटांत तीन-चार वेळा 'संपली, संपली... नाही संपली!' असं होणार. हेवीवेटची लढत हळूहळू चढत जाते, आणि एकेका फटक्याचा आवाज ऐकू यावा म्हणून मध्ये जागा सोडते.

दुसरं उत्तर जरा कडू आहे. ज्युनियर ही पायरी आहे. एका रात्रीच्या कार्यक्रमात सात-आठ लढती असतात, त्यांच्या यादीला 'कार्ड' म्हणतात. सगळ्यात शेवटची लढत सगळ्यात मोठी, आणि मोठ्या कार्यक्रमात ती बहुतेक कायम हेवीवेटची. ज्युनियरचा पट्टा, म्हणजे विजेतेपदाचा कंबरपट्टा, कितीही मानाचा असला तरी तो त्याच्या आधी लढला जातो. 'ज्युनियर' या शब्दाचा मराठी अर्थ आपण सरकारी कचेरीत जसा लावतो, थेट तसाच तिथेही लागतो.

घराणं म्हणून अभिमान आणि पायरी म्हणून अपमान, या दोन्ही गोष्टी एकाच पट्ट्याला चिकटलेल्या आहेत. पुढचं सगळं यातून येतं.

मुखवट्यातला वाघ

शब्द मूळचा अमेरिकेतला. तिथल्या एनडब्ल्यूए या संघटनेचा ज्युनियर हेवीवेटचा जागतिक पट्टा होता, ओक्लाहोमाचा डॅनी हॉज त्याचा सर्वांत नावाजलेला मानकरी. 1964 साली हिरो मात्सुदा या जपानी मल्लाने तो जिंकला. पण जपानमध्ये अजून विभाग असा नव्हता. 1972 साली दोन कंपन्या निघाल्या, अँटोनियो इनोकीची न्यू जपान आणि जायंट बाबाची ऑल जपान. बाबा दोन मीटरहून उंच होता. अशा माणसाच्या घरात हलक्या मल्लांचं कौतुक कितीसं होणार!

इनोकीकडे मात्र तात्सुमी फुजिनामी नावाचा देखणा, पिळदार तरुण होता. 23 जानेवारी 1978 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने होसे एस्त्रादाला हरवून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूएफचा (डब्ल्यूडब्ल्यूएफचंच आधीचं नाव) ज्युनियर पट्टा जिंकला आणि तो घेऊन जपानला परतला. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. तीनेक वर्षांत तो हेवीवेटमध्ये गेला. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे तो वारंवार येणार आहे: विभागाचा पहिला तारा विभाग सोडून वर गेला.

त्याची जागा भरायला कंपनीने जे केलं ते आज ऐकायला वेडेपणा वाटतं. 'टायगर मास्क' नावाचं कुस्तीचं एक चित्रकथेतलं पात्र जपानी मुलांत अफाट लोकप्रिय होतं, आणि 1981च्या एप्रिलमध्ये त्याची नवी कार्टून मालिका सुरू होत होती. कंपनीने ठरवलं, तो वाघ खराखुरा रिंगमध्ये उतरवायचा. त्यासाठी इंग्लंडमध्ये लढत असलेल्या सातोरू सायामाला परत बोलावलं. 23 एप्रिल 1981, टोकियोचं कुरामाए कोकुगिकान. घाईत तयार केलेला मुखवटा इतका ओबडधोबड होता, की लोक हसले. समोर इंग्लंडचा डायनामाइट किड, बुटका, चिडका आणि जिवावर उदार होऊन लढणारा.

लढत दहा मिनिटंसुद्धा चालली नाही. पण हसणं पहिल्या मिनिटातच थांबलं. सायामाच्या अंगात मेक्सिकोच्या उड्या होत्या, लाथा होत्या, आणि जपानी आखाड्यातला जमिनीवरचा पक्केपणाही होता. हे तिन्ही एकाच शरीरात त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं. पुढची दोनेक वर्षं शुक्रवारी रात्री आठ वाजता अर्धा जपान त्या वाघासाठी टीव्हीसमोर बसायचा. कुनिआकी कोबायाशी नावाचा मल्ल दर लढतीत त्याचा मुखवटा फाडायला धावायचा, आणि घरोघरी पोरं त्याला शिव्या घालायची. 1983च्या ऑगस्टमध्ये सायामा अचानक कंपनी सोडून गेला. पुढे त्याने शूटो हा खऱ्या लढतींचा प्रकार सुरू केला. कार्टूनच्या मुखवट्याआडून लढणारा माणूस शेवटी ठरवून न लढण्याकडे वळला, हे मला फार बोलकं वाटतं.

मुखवटा मात्र थांबला नाही. 1984 साली ऑल जपानने तो मित्सुहारू मिसावाच्या चेहऱ्यावर चढवला. मिसावा आधी हेवीवेट झाला, मग 1990 साली त्याने मुखवटा उतरवला आणि पुढचं दशक जपानमधला सर्वांत मोठा मल्ल म्हणून गाजवलं. म्हणजे दुसरा वाघही वर गेला.

जो वर गेला नाही

हिरोशिमाच्या केइची यामादाला न्यू जपानने उंची कमी म्हणून नाकारलं होतं. तो मेक्सिकोला गेला, तिथे शिकला, आणि तिथूनच त्याला न्यू जपानची दारं उघडली. उंची तरीही 170 सेंटिमीटरच. 24 एप्रिल 1989 रोजी, न्यू जपानच्या टोकियो डोममधल्या पहिल्याच कार्यक्रमात, त्याला गो नागाई या चित्रकथाकाराच्या नव्या कार्टूनचा पोशाख देऊन उतरवलं: लाल-पांढरं अंग, डोक्याला शिंगं, पाठीवर केसांची आयाळ. नाव लायगर, पुढे जुशिन थंडर लायगर. समोर कोण? तोच कोबायाशी.

कार्टून संपलं. लायगर 31 वर्षं चालला.

त्याने न्यू जपानचा आयडब्ल्यूजीपी ज्युनियर पट्टा अकरा वेळा जिंकला. हा पट्टा 1986 साली सुरू झाला, पहिला मानकरी शिरो कोशिनाका. पण लायगरचं मोठेपण आकड्यात मोजू नये. बाकीचे ज्या दारातून वर गेले, त्या दारात तो पाठ टेकून उभा राहिला. हेवीवेटशी तो लढला, डोममध्ये मोठ्या नावांसमोर उभा राहिला, 2000 साली हेवीवेटच्या जी-वन स्पर्धेतही उतरला, पण ओळख बदलली नाही. वर जाण्याऐवजी त्याने खालची खोलीच मोठी करायला घेतली.

त्याचं सर्वांत मोठं काम म्हणजे 16 एप्रिल 1994, टोकियोच्या र्‍योगोकू कोकुगिकानमधली सुपर जे-कप. त्या काळात जपानी कंपन्या एकमेकींच्या मल्लांचं नावसुद्धा सहसा घेत नसत. अशा वेळी न्यू जपान, मिचिनोकू प्रो, एफएमडब्ल्यू, वॉर अशा कंपन्यांचे 14 मल्ल एका रात्रीच्या बाद फेरीत उतरवायचे ही कल्पना कुठल्याही हेवीवेटच्या डोक्यात आली नसती. मोठ्या नावांचं हरणं कुणालाच परवडत नाही. ज्युनियरना ते परवडलं. एडी गरेरो, डीन मलेन्को, हायाबुसा, ताका मिचिनोकू, गेदो, सुपर देल्फिन, एल सामुराई, ओतानी... नंतरच्या दहा वर्षांतली अमेरिकन आणि जपानी कुस्तीची अर्धी वरात त्या रात्री एका छताखाली होती. अंतिम लढतीत वाइल्ड पेगासस, म्हणजे क्रिस बेन्वा, द ग्रेट सासुकेला हरवून जिंकला.

पुढची दोन-तीन वर्षं हा विभाग अक्षरशः उतू गेला. 1996 सालच्या ऑगस्टमध्ये वेगवेगळ्या संघटनांचे आठ पट्टे एकत्र करून जे-क्राउन नावाचा मुकुट तयार झाला. तो जिंकताना सासुकेची कवटी फुटली. त्यानंतर सासुकेकडून तो मुकुट जिंकणारा अल्टिमो ड्रॅगन अंगभर पट्टे लटकवून फोटो काढून घेत असे, आणि तो फोटो कुस्तीच्या चाहत्यांना आजही तोंडपाठ आहे. अमेरिकेत डब्ल्यूसीडब्ल्यू या कंपनीने क्रूझरवेटचा, म्हणजे हलक्या मल्लांचा, पट्टा सुरू केला तेव्हा पहिला विजेता शिंजिरो ओतानी ठरला, तोही जपानमधल्या नागोयात. डब्ल्यूसीडब्ल्यूच्या 'नायट्रो' कार्यक्रमाच्या पहिल्यावहिल्या भागातली पहिलीच लढत लायगरची होती, ब्रायन पिलमनसमोर, 1995च्या सप्टेंबरमध्ये.

सासुकेबद्दल एक जाता जाता: मिचिनोकू प्रो ही त्याची कंपनी ईशान्य जपानच्या छोट्या गावांत, व्यायामशाळांत खेळ लावायची. 2003 साली तो इवाते प्रांताच्या विधानसभेवर निवडून आला आणि सभागृहात मुखवटा घालून बसला. आपल्याकडे नेते मुखवटा दिसू देत नाहीत, एवढाच फरक.

छत

आता त्या दाराकडे वळू.

न्यू जपानच्या मार्चमधल्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात हेवीवेटचा विजेता आणि ज्युनियरचा विजेता समोरासमोर आणण्याची पद्धत अलीकडे बऱ्याचदा दिसली. 2018 साली कझुचिका ओकादासमोर विल ऑस्प्रे. 2021 साली कोता इबुशीसमोर एल देस्पेरादो. दोन्ही वेळा हेवीवेट जिंकला. त्याआधी 2013 साली प्रिन्स डेव्हिट ज्युनियरचा विजेता असतानाच ओकादाच्या पट्ट्यासाठी लढला होता, तोही हरला. लढती सगळ्या सुंदर होत्या. देस्पेरादो हरल्यावर लोक रडवेले झाले होते. पण निकाल ठरवणाऱ्याने ज्युनियरला जिंकू दिलं नाही, कारण तो जिंकला तर शंभर किलोंची रेघच पुसली जाते.

एक अपवाद आहे, तो नोआ या कंपनीतला. 9 सप्टेंबर 2006 रोजी नाओमिची मारुफुजीने जुन आकियामाला हरवून तिथला हेवीवेटचा सर्वोच्च पट्टा घेतला, आणि पुढच्याच महिन्यात टोकियोच्या निप्पॉन बुडोकानमध्ये त्याने तो केंटाविरुद्ध राखला. दोघेही ज्युनियर म्हणून नावारूपाला आलेले, दोघेही अंगाने लहान, आणि बुडोकानची शेवटची लढत त्यांची. ती लढत आजही कित्येक जण नोआच्या सर्वोत्तम लढतींत धरतात. डिसेंबरमध्ये मिसावाने पट्टा परत घेतला. सगळा प्रयोग तीन महिन्यांचा.

मग महत्त्वाकांक्षी मल्लाने करायचं काय? फुजिनामीने केलं तेच. केनी ओमेगा 2015 साली ज्युनियरचा विजेता होता. 2016च्या जानेवारीत तो हेवीवेटमध्ये गेला आणि त्याच वर्षी जी-वन जिंकणारा पहिला परदेशी ठरला. इबुशी गेला. ऑस्प्रे गेला. शिंगो ताकागीची गोष्ट तर उदाहरण म्हणून पुस्तकात घालावी अशी. हा ड्रॅगन गेटमधून 2018 साली आला, ज्युनियर म्हणून खेळला, आणि 2019 सालच्या बेस्ट ऑफ द सुपर ज्युनियर्समध्ये, म्हणजे या विभागाच्या वार्षिक साखळी स्पर्धेत, गटातल्या सगळ्या नऊ लढती जिंकला. 5 जूनला र्‍योगोकूत अंतिम लढतीत ऑस्प्रेने त्याला हरवलं. ज्यांना ज्युनियर कुस्ती म्हणजे नुसती कोलांटउड्यांची सर्कस वाटते त्यांना मी ही लढत दाखवतो. काही दिवसांनी शिंगो हेवीवेट झाला होता. 2021 सालच्या एप्रिलमध्ये ऑस्प्रे आणि जूनमध्ये शिंगो, असे दोघे ओळीने हेवीवेटचे जागतिक विजेते झाले.

यातली मेख बघा. शिंगोने काही दिवसांत दहा किलो वाढवले नव्हते. शरीर तेच होतं. ज्युनियरसाठी वजनाला वरची मर्यादा आहे, न्यू जपानमध्ये शंभर किलो, ऑल जपानमध्ये एकशे पाच. हेवीवेटसाठी खालची मर्यादाच नाही. 2024 साली जी-वन आणि मग जागतिक पट्टा जिंकणारा झॅक सेबर ज्युनियर (त्याच्या नावातल्या ज्युनियरचा इथे संबंध नाही) कंपनीच्याच आकड्यांनुसार शंभर किलोंच्या आत आहे. इबुशीही होता. म्हणजे रेघ काट्यावर नाही, कार्डावर मारलेली आहे. ज्याला वर नेण्याचं कंपनीने ठरवलं, तो हेवीवेट.

आज

एवढं कळलं की आजच्या अवस्थेबद्दलचा प्रश्न वेगळा दिसायला लागतो. चाहते म्हणतात, विभाग रोडावला. पट्ट्यासाठी तेच ते पाच-सहा चेहरे फिरतात, परदेशी नावं पूर्वीसारखी येत नाहीत, ज्युनियरच्या लढती कार्डाच्या मधल्या भागात अडकून पडतात. यात तथ्य आहे. पण कारण म्हणून 'आताच्या पोरांत दम नाही' असं सांगितलं जातं ते मला पटत नाही.

माझ्या मते मुख्य कारण असं, की ज्युनियरची शैली इतकी जिंकली की तिला स्वतःचं घर उरलं नाही. 27 मे 2016 रोजी टोकियोच्या कोराकुएन हॉलमध्ये ऑस्प्रे आणि रिकोशे भिडले. त्यातले काही सेकंद, दोघांच्या एकाच वेळच्या गिरक्या, जगभर फिरले. व्हेडर या जुन्या अवाढव्य मल्लाने जाहीर टीका केली, की ही कुस्ती नव्हे, नाच आहे. दोन्ही बाजूंनी महिनाभर भांडण चाललं, आणि ऑगस्टमध्ये व्हेडर आणि ऑस्प्रे लंडनमध्ये खरोखर रिंगमध्ये उतरले. आज मागे वळून बघितलं तर त्या भांडणात कोण जिंकलं हे कुठल्याही हेवीवेट लढतीत दिसतं. शंभराच्या वरचे मल्ल दोरावरून उडतात, डावांची साखळी वेगाने गुंफतात, शेवटच्या पाच मिनिटांत तेच 'संपली, नाही संपली' करतात. पूर्वी जे फक्त तिसऱ्या लढतीत मिळायचं ते आता शेवटच्या लढतीतही मिळतं. मग तिसरी लढत वेगळी कशाने वाटणार?

दुसरं, काही कंपन्यांत हा भेदच राहिलेला नाही. अल्टिमो ड्रॅगनच्या मेक्सिकोतल्या शाळेतून उगवलेली ड्रॅगन गेट ही कोबेची कंपनी जवळजवळ संपूर्ण ज्युनियर बांध्याच्या मल्लांची आहे. तिथला सर्वोच्च पट्टा खुल्या वजनाचा, आणि त्याच्या खाली आणखी हलक्यांसाठी वेगळा पट्टा. डीडीटी या कंपनीचा मुख्य पट्टाही खुल्या वजनाचा. तिथल्या पोरांना आपण 'ज्युनियर' आहोत हे न्यू जपानमध्ये आल्यावर कळतं. आणि ऑल जपानमध्ये हा विभाग पहिल्यापासूनच धाकट्या सुनेसारखा वागवला गेला. मासानोबू फुची तिथे 1989 ते 1993 अशी साडेतीन वर्षं सलग विजेता होता. हा विक्रम मोठा आहेच, पण त्यातून आव्हान देणाऱ्यांची वानवाही दिसते.

तिसरं कारण शरीराचं, आणि यावर चाहते फार बोलत नाहीत. डायनामाइट किड चाळिशीच्या सुमारासच चाकाच्या खुर्चीला खिळला आणि 2018 साली आपल्या साठाव्या वाढदिवशी वारला. हायाबुसाचा 2001 साली एका उडीत पाय घसरला आणि मान मोडली. 2022 साली ओतानीच्या मानेलाही अशीच इजा झाली. बेन्वाचा 2007 सालचा शेवट, पत्नीचा आणि मुलाचा खून करून आत्महत्या, इतका भीषण आहे की त्याच्या जुन्या लढती बघताना अजून घशात काहीतरी अडकतं. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूची तपासणी झाली, तीत वर्षानुवर्षांच्या माराच्या खुणा सापडल्या. हलका मल्ल उंचावरून पडतो, डोक्याच्या बाजूने पडतो, आणि रोज पडतो. हेवीवेटमध्ये जाणं म्हणजे मान आणि पैसा तर आहेच, पण कमी पडणं हाही त्यातला हिशेब आहे. पोरं वर जातात म्हणून त्यांना नावं ठेवणाऱ्यांनी एकदा स्वतःच्या मानेला हात लावून बघावा.

तरीही थांबणारे आहेत. हिरोमू ताकाहाशीची मान 7 जुलै 2018 रोजी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या काऊ पॅलेसमध्ये ड्रॅगन लीच्या एका डावात मोडली. दीड वर्षाने तो परतला, 4 जानेवारी 2020 रोजी टोकियो डोममध्ये ऑस्प्रेला हरवून पट्टा घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच डोममध्ये लायगरची निरोपाची लढत होती. लायगरच्या बाजूला त्याचा तीस वर्षांपूर्वीचा कट्टर वैरी नाओकी सानो. समोर हिरोमू, आणि हिरोमूचा जोडीदार म्हणून कोण, तर तोच ली, ज्याच्या हातून त्याची मान मोडली होती. हिरोमूने लायगरला चीत केलं. या विभागात वैर आणि विश्वास किती जवळजवळ राहतात हे त्या चौघांना एका रिंगमध्ये बघून कळलं.

हिरोमूने पुढे 2020, 2021 आणि 2022 अशी सलग तीन वर्षं बेस्ट ऑफ द सुपर ज्युनियर्स जिंकली. 2020 सालच्या अंतिम लढतीत त्याने देस्पेरादोचा मुखवटा फाडला, तेव्हा देस्पेरादोने उरलेला मुखवटा स्वतःच्या हाताने काढून फेकला आणि उघड्या चेहऱ्याने ओरडत लढला. मुखवट्यावर उभ्या राहिलेल्या या विभागात हे करायला धाडस लागतं. 1 मार्च 2023 रोजी हिरोमूने कोराकुएन हॉलमध्ये 'ऑल स्टार ज्युनियर फेस्टिव्हल' भरवला, अनेक कंपन्यांचे ज्युनियर एका कार्डावर, हेवीवेट एकही नाही. 1994 सालच्या कल्पनेची ही सरळ नक्कल होती, आणि नक्कल असूनही हॉल दणाणला.

नवे चेहरेही आलेत. 2023 सालची साखळी स्पर्धा मास्टर वातोने जिंकली, 2024 साली अखेर देस्पेरादोने, आणि 2025 साली कोसेई फुजिता या अवघ्या बावीस वर्षांच्या पोराने, जो या स्पर्धेचा सर्वांत तरुण विजेता ठरला. फुजिताला मी बघतो तेव्हा कौतुकाबरोबर एक शंकाही मनात येते: याला कधी नेतील? 2024 साली ओकादा आणि ऑस्प्रे अमेरिकेच्या वाटेने गेल्यावर न्यू जपानच्या वरच्या मजल्यावर खोल्या रिकाम्या झाल्या. त्या भरायला जिन्याखालीच बघितलं जाणार.

हे सगळं वाचून कुणाला सुरुवात करायची असेल तर शिंगो आणि ऑस्प्रेपासून करू नका, ती दुसरी पायरी. 1994 सालच्या सुपर जे-कपची उपांत्य फेरी शोधा. लायगर विरुद्ध सासुके. लायगर यजमान, मोठ्या कंपनीचा, आणि त्या रात्री मुद्दाम थोडा माजुरडा. सासुके गावाकडून आलेला. लढतीच्या शेवटाला सासुके दोरावर उडी घेतो, त्यावरून झेपावणार तेवढ्यात पाय घसरतो आणि तो रिंगमध्ये धपकन आपटतो. खरीखुरी चूक, सगळ्यांसमोर. क्षणभर हॉल गप्प. लायगर तिथेच उभा राहून हळूच टाळ्या वाजवतो, 'वा, वा' अशा थाटात. लोक हसायला लागतात. आणि तो टाळ्या वाजवत असतानाच सासुके उठून त्याच्यावर झेप घेतो, पायांत मान पकडून त्याला उलटा करतो, एक, दोन, तीन.